शिफ्ट, संसार आणि शेती सांभाळून कॅम्पिंगला वेळ कसा काढायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका कंपनीत तीन पाळ्यांमध्ये काम करणारे एक दादा विचारतात: कॉलेजात असताना अंतूर, वेताळवाडी, सुतोंडा असे किल्ले हिंडलो, रात्री तंबूत काढल्या. आता मुलगी चौथीत, मुलगा बालवाडीत, बायको खासगी शाळेत शिक्षिका, आई-वडील लातूरकडच्या औशाजवळच्या गावी पाच एकर शेती बघतात आणि तंबू माळ्यावर पडून आहे. वर्षभरात तीनदा बेत ठरला, तीनदा मोडला. एकदा मेहुण्याचं लग्न निघालं, एकदा सोयाबीनची काढणी, एकदा महिनाअखेरचा ओव्हरटाइम. वेळ काढायचा तरी कुठून?

मी स्टाफ नर्स आहे. सकाळ, दुपार, रात्र अशा फिरत्या ड्यूट्या करत संसार केला, आणि बरीच वर्षं दर हिवाळ्यात ओळखीच्या कुटुंबांना घेऊन मुक्कामी कॅम्पही करते. त्यामुळे तुमची अडचण मला आतून माहीत आहे.

दादा, तुमची तिन्ही कारणं पुन्हा एकदा वाचा. त्यातलं एकही अचानक आलेलं नाही. लग्नाची तारीख दोन-तीन महिने आधी ठरते. सोयाबीन दरवर्षी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्येच काढणीला येतं. माल पाठवायची घाई महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात असते, हे तुमच्या खात्यातल्या हेल्परलाही ठाऊक आहे. म्हणजे तुम्हाला वेळ नाही असं नाही. तुम्ही बेत ठरवलात तोच मुळात घराच्या आणि रानाच्या गर्दीच्या दिवसांत. मोकळा दिवस शोधण्याआधी कुठले दिवस कधीच आपले नसतात ते कॅलेंडरवर खोडून टाका. मी दर दिवाळीला हेच करते.

आपल्याकडचं वर्ष बघा. जून-जुलै पेरणीचे. मग पोळा, गणपती, महालक्ष्म्या. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत घरातल्या बाईला मान वर करायला सवड नसते, तेव्हा कॅम्पचा विषयही काढू नका. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो आणि अजिंठ्याचे डोंगर तेव्हा हिरवेगार असतात, पण पावसाचा भरवसा नसतो. त्या दिवशी सुट्टी असली तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, मुक्काम नको. पुढे सोयाबीन, दिवाळी, कापसाची वेचणी, हरभरा-ज्वारीची पेरणी. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. मार्चपासून परीक्षा, रब्बीची सुगी आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, त्यात लहान मुलांना तंबूत झोपवणं मला पटत नाही.

मग उरतं काय? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा तुकडा, आणि त्यातही पौष महिना. पौषात आपल्याकडे लग्नं लावत नाहीत. ज्वारी हुरड्यात आलेली असते. आकाश स्वच्छ, रात्री थंड, पावसाची शक्यता कमी. खरिपाचं बहुतेक आवरलेलं असतं आणि रब्बीची काढणी अजून लांब असते. आपल्या भागात मुक्कामी कॅम्पसाठी इतका सोयीचा महिना दुसरा नाही, तरी माणसं मे महिन्याच्या सुट्टीत तंबू बाहेर काढायचं ठरवतात आणि मग वैतागतात.

आता या तुकड्यावर तुमचा शिफ्टचा तक्ता ठेवा. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात शनिवारी सुटायला मध्यरात्र होते. तिसऱ्या पाळीत रविवारी सकाळी बाहेर पडता, तेव्हा अंगात त्राण नसतं. रात्रपाळी करून गाडी चालवत निघायचं नाही, हे मी कळवळून सांगते. तसे आलेले लोक मी अपघात विभागात बघितले आहेत. उरतो पहिल्या पाळीचा शनिवार, दुपारी तीन-साडेतीनला सुटणारा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत साधारण तेरा शनिवार येतात. तीन आठवड्यांतून एकदा पहिली पाळी धरली, तर चार-पाच तुमचे. एक लग्नात जाईल, एक गावाकडे, एखाद्याला मूल आजारी पडेल. दोन उरतील. वर्षाला दोन मुक्काम नीट झाले तर ते पुष्कळ आहेत, आणि दोनच आहेत हे माहीत असलं की माणूस ते जपतो.

मुक्काम एकाच रात्रीचा ठेवा. शनिवारी चारला निघायचं, रविवारी दहा-अकराला घरात. दोन रात्रींसाठी रजा टाकावी लागते, शेजाऱ्यांना सांगावं लागतं, गावाकडून दहा फोन येतात. एका रात्रीला घर फारशी हरकत घेत नाही. पण मग जागा जवळची हवी. डिसेंबरात सहाच्या आतबाहेर सूर्य मावळतो आणि तंबू उजेडातच लागला पाहिजे, म्हणून चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. तुमच्याकडून म्हैसमाळचा परिसर, पैठणच्या बाजूचा नाथसागराचा काठ, फुलंब्री-खुलताबादकडची रानं एवढ्या अंतरात बसतात. कॉलेजातला अंतूर आता शनिवारी चारनंतर गाठायचा नाही.

जागेबद्दल आणखी एक. कॉलेजात आपण कुठेही पथारी पसरायचो, कुटुंबासोबत तसं चालत नाही. गौताळा हे अभयारण्य आहे. तिथे मुक्काम करायचा तर वन विभागाची परवानगी घेऊन, ते सांगतील तिथेच. किल्ले आणि लेणी बहुतेक संरक्षित स्मारकं आहेत, संध्याकाळनंतर तिथे थांबता येत नाही. नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे रोहित (फ्लेमिंगो), पट्टकादंब असे पाहुणे पक्षी येतात, म्हणून पाण्याला चिकटून शेकोट्या पेटवणं आणि गाणी लावणं मला अजिबात मान्य नाही. काठापासून आत, कुणाच्या तरी शेतात, मालकाला विचारून थांबा. ओळखीच्या माणसाचं रान ही मुक्कामाला सगळ्यात निर्धास्त जागा. तिथे विहीर असते, आखाडा म्हणजे शेतातलं खोपट असतं, अडीनडीला हाक मारायला माणूस असतो. त्या घरचा हुरडा विकत घ्या, जाताना त्यांच्या पोरांसाठी काहीतरी न्या. पुढच्या वर्षी तेच फोन करून बोलावतील.

इथपर्यंत तारखांचं झालं. पण बेत मोडतात त्याचं दुसरं कारण तुम्ही लिहिलेलं नाही आणि मला तेच मोठं वाटतं. तुम्ही एक रात्र जाता, तेव्हा तुमच्या वाटचं काम कुणीतरी दुसरं करत असतं. वॉर्डात हे रोज उघड दिसतं: माझी सुट्टी म्हणजे कुणाची तरी डबल ड्यूटी. घरात आणि शेतात ते दिसत नाही, म्हणून आपण त्याचा हिशोब धरत नाही. तो हिशोब आधी फेडला की परवानगी मागावी लागत नाही.

कामावर हे सोपं आहे. शिफ्ट बदलून हवी असेल तर आधी स्वतः एक बदली करून द्या. आमच्याकडे ईदच्या दिवशी मी मुस्लिम मैत्रिणीच्या जागी उभी राहते, महालक्ष्म्यांना ती माझ्या जागी. त्यासाठी कुणाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. तुमच्या सुपरवायझरला महिनाभर आधी सांगा की अमुक शनिवारी ओव्हरटाइमला थांबणार नाही, त्याआधीच्या शनिवारी थांबतो. आणि त्या शनिवारी खरंच थांबा. शब्द पाळणाऱ्या माणसाला सहसा कुणी अडवत नाही.

घरातलं जास्त नाजूक आहे. तुम्ही लिहिता, "बायकोलाही निसर्गाची आवड आहे, पण ती ऐनवेळी कंटाळा करते." तिचा शनिवार डोळ्यासमोर आणा. सकाळची शाळा करून आली. मुलांचे स्वेटर, टोप्या, जादा कपडे, खाऊ, धाकट्याचं औषध तिनेच भरायचं. तिकडे पोचल्यावर तीन दगडांची चूल मांडून स्वयंपाक तिनेच करायचा, कारण तुम्ही तंबूत आणि शेकोटीत गुंतलेले. रविवारी परत आल्यावर चिखलाचे कपडे, राखेची भांडी, आणि सोमवारी पुन्हा शाळा. हा कंटाळा नाही दादा, हा तिचा अनुभव आहे.

माझ्या कॅम्पमध्ये याचे नियम ठरलेले आहेत. शनिवारचं जेवण घरून नेलेलं, थंड खायचं: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, केळी. एवढ्यावर सगळे पोटभर जेवतात. चूल फक्त चहासाठी, आणि सकाळचा चहा पुरुषांनी करायचा. धपाटे करायला वेळ नसेल तर पोळीभाजी केंद्रातून पोळ्या घ्या, त्यात कमीपणा नाही. मुलांचं आवरणं वडिलांकडे. धाकट्याला रात्री बाहेर न्यायचं असेल तर तुम्ही उठायचं.

आणि वहिनींना आधी विचारा की यायचंय की नाही. कदाचित त्यांना सगळ्यात जास्त हवी असेल ती रिकाम्या घरातली झोप. मग तुम्ही दोन्ही मुलांना घेऊन जा, त्या घरी राहू द्या. कदाचित पुढच्या खेपेला त्यांना मैत्रिणींबरोबर जायचं असेल आणि घरी तुम्ही थांबायचं असेल. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचं येणंजाणं असतं, शाळेत त्याच सुमारास गॅदरिंग असतं. त्यांच्या त्या तारखाही कॅलेंडरवर तुमच्या हाताने लिहा. घरातल्या दोघांनाही आपापली मोकळी रात्र मिळाली की कुरबुर बरीच कमी होते, हे मी कितीतरी घरांत बघितलं आहे.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे परत आल्यावरचे दोन तास. पुढचा कॅम्प होणार की नाही हे तिथे ठरतं. रविवारी अकराला घरी आल्यावर तुम्ही आडवे झालात आणि सामान हॉलमध्ये पडून राहिलं, तर पुढच्या वेळी घर नाहीच म्हणणार. गाडीतून सामान उतरलं की तंबू थेट गच्चीवर वाळत, भांडी तिथल्या तिथे घासून, कपडे भिजत, मुलांच्या अंघोळी. मग झोपा. सामानासाठी झाकणाची एक प्लॅस्टिक पेटी कायमची भरून ठेवा: तंबू, ताडपत्री, दोन बॅटऱ्या, काडेपेटी, छोटा स्टोव्ह, पातेलं, कप, दोरी, प्रथमोपचाराचं साहित्य. त्यातली कुठलीही वस्तू घरात वापरायची नाही. वाकळा आणि स्वेटर तेवढे जाताना घ्यायचे. चौघांना एका रात्रीसाठी वीस लिटरचा पाण्याचा एक जार पुरतो. पेटी तयार असली की निघायला अर्धा तास लागतो, नसली की अख्खा शनिवार जातो आणि भांडण होतं ते वेगळंच.

आता आई-वडील. महिन्यातून एकदा गावी जाता म्हणजे येण्याजाण्यातच एक रविवार संपतो, असं तुम्ही लिहिलंय. त्यात तक्रारीचा सूर आहे आणि तो मी समजू शकते. पण तुमच्यासारखी सोय फार थोड्यांकडे असते. तुमच्या गावाकडे येळवस (वेळ अमावास्या) होते. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कधीतरी, अख्खं लातूर शहर ओस पडतं आणि माणसं रानात जातात. कडब्याची कोप, त्यात पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, उंडे, खीर. ज्या दिवशी घरातली म्हातारी माणसंसुद्धा सकाळपासून रानात असतात, त्याच दिवशी तुम्ही तिथे तंबू ठोका आणि रात्री थांबा. दिवस अमावास्येचा, औशाकडच्या शिवारात शहराचा उजेड नाही, मुलांना दाखवायला आकाश भरून तारे. दुसऱ्या दिवशी पौष लागतो. या एका मुक्कामासाठी एक सीएल (किरकोळ रजा) खर्च करा, ती वाया जायची नाही.

एरवीच्या फेरीलाही हेच करता येतं. हिवाळ्यात हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं असतं आणि अजूनही बऱ्याच गावांत शेतीची लाईट काही दिवस रात्रीची असते. तुमचे वडील त्या थंडीत बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरायला जात असतील. पूर्वी पोरं रानडुकरं हाकायला जागलीला जायची, तसा तुम्ही रात्रीचा मुक्काम आखाड्यावर ठेवा. पाणी तुम्ही द्या, वडिलांना घरी झोपू द्या. मुलगी तंबूत झोपेल, मध्येच उठून दंडातलं पाणी बघेल. वडिलांची एक रात्र वाचली आणि तुमचा मुक्कामही झाला. मोटार आणि स्टार्टरजवळ मुलांना फिरकू देऊ नका, ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावू नका, आणि कठडा नसलेल्या विहिरीपासून तंबू लांब लावा.

सगळं असंच जमेल असं मात्र नाही. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, बाळ तान्हं असेल, ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर त्या हिवाळ्यात मुक्काम सोडून द्या. एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला आणि गावाकडे पाण्याचे हाल असले की शेतातल्या मुक्कामाला मनही होत नाही. अशा वेळी गच्चीवर तंबू लावून मुलांना झोपवा. डिसेंबरात १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, चंद्रप्रकाश नसेल तर तो गच्चीवरूनही थोडाफार दिसतो.

थोडक्यात, आधी नको ते दिवस खोडा, मग पहिल्या पाळीचे शनिवार शोधा, एक रात्र आणि जवळची जागा धरा, आणि ज्याच्या अंगावर तुमचं काम पडणार आहे त्याचं आधी फेडा.

घरचे काळजीपोटी अडवतात, तेही तुम्ही लिहिलंय. त्यावर उपाय वाद घालणं नव्हे, त्यांना माहिती देणं. कुठल्या गावात, कुणाच्या शेतात आहात, त्यांचा फोन नंबर काय, रेंज नसेल तर सकाळी किती वाजता फोन कराल, हे आईला लिहून द्या. निघण्याआधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात फोन करून सर्पदंशावरचं इंजेक्शन (प्रतिविष) आहे का ते विचारून ठेवा, रुग्णवाहिकेसाठी १०८. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. थंडीत त्यांचा वावर कमी होतो, पण बंद होत नाही. तंबूची चेन कायम लावलेली, अंधारात पायात बूट, हातात बॅटरी, जमिनीवर उघडं झोपायचं नाही. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश कित्येकदा कळतही नाही, म्हणून मी चेनच्या बाबतीत कडक आहे. चावलंच तर हात-पाय हलू न देता सरळ दवाखाना. दोरी आवळणं, चिरणं, मांत्रिक काही नाही. आणि थंडी कितीही असो, शेगडी किंवा निखारे तंबूत घेऊन झोपायचं नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. परभणीकडे पारा एक आकडी होतो तेव्हा हा मोह फार होतो. त्यापेक्षा खाली कडबा पसरा, त्यावर ताडपत्री आणि दोन वाकळा. थंडी जास्त करून जमिनीतून लागते.

शेवटी माळ्यावरचा तंबू. इतकी वर्षं घडी करून ठेवलेल्या तंबूचा पाणी अडवणारा आतला लेप चिकट होऊन सुटतो, काठ्यांमधलं इलॅस्टिक सैल पडतं, उंदीर कुरतडतात. या रविवारी गच्चीवर उघडा. लेप गेला असेल तर हिवाळ्यात एकवेळ चालेल. आपल्याकडे गारपीट झाली तर बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि तोवर तुमचे मुक्काम उरकलेले असतील. इलॅस्टिक घरी बदलता येतं. पण चेन दोन्ही बाजूंनी पूर्ण लागते का ते दहा वेळा लावून-काढून बघा. अडकत असेल तर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून नवी बसवून घ्या, आणि ती बसेपर्यंत मुलांना त्यात झोपवू नका.